मार्लकोमच्या आठवणी, बाळकुमहून

इंग्लंडात मार्लकोम नावाचं एक एवढंसं गाव आहे. नदी, पूल, चर्च, एक मोठा रस्ता आणि त्या रस्त्यावर सात मिनिटं मागं चालणारं घड्याळ. ते मागं का चालतं, हे आता त्या गावातल्या लोकांनाही ठाऊक नाही. ठाऊक आहे ते ठाण्यातल्या बाळकुमच्या कॉस्मास कोरियाला, आणि या कॉस्मासनं उभ्या जन्मात पुण्याच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही.

तर त्या घड्याळाला किल्ली द्यायचा टॅपर नावाचा एक पाववाला. त्याच्या बायकोला रविवारी चर्चला पोचायला हमखास उशीर व्हायचा, आणि पाद्री तिला चारचौघांत, दारातल्या दारात टोकायचा. टॅपर भांडला नाही, तक्रार केली नाही. त्यानं गुपचूप घड्याळच सात मिनिटं मागं केलं. पुढं टॅपर गेला, बायको गेली, पाद्रीही बदलले, पण घड्याळ होतं तिथंच राहिलं. कॉस्मासच्या थोरल्या बहिणीनं, लुसीनं, ही हकिकत १९६८ सालच्या पत्रात लिहिली होती. पातळ निळं हवाईपत्र, आणि मजकूर मराठीत, कारण ती शिकली ठाण्याच्या मराठी शाळेत.

लुसी नर्स होती. १९६६ साली ती मार्लकोमच्या बारा खाटांच्या हॉस्पिटलात नोकरीला गेली ती तिथलीच झाली. लग्न केलं नाही. महिन्याला एक पत्र मात्र चुकलं नाही. स्वतःविषयी ती फारसं लिहायचीच नाही. लिहायची गावाविषयी. कुणाची गाय पुलावर अडून बसली, शहात्तर सालच्या दुष्काळात नदी आटली तेव्हा तळाशी पोस्टमनची सायकल कशी सापडली, असलं सगळं. कॉस्मास कोलशेतच्या कारखान्यात फिटर होता. दुपारच्या सुट्टीत डबा संपला की तो पत्र मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे फिटर पुढं काय झालं म्हणून विचारायचे. बाळकुमची शेतं गेली, खाडीपर्यंतची मोकळी जमीन गेली, तीस-तीस मजल्यांचे टॉवर उभे राहिले. कॉस्मासला आपल्याच गावात रिक्षावाल्याला रस्ता विचारायची पाळी आली. पण मार्लकोमात त्याला डोळे बांधून सोडलं असतं तर तो टॅपरच्या दुकानापाशी बरोबर पोचला असता.

लुसीचं देणं त्याच्यावर जन्माचं होतं. तो सहा वर्षांचा असताना गावच्या विहिरीत पडला. बारा वर्षांची लुसी कपड्यांनिशी मागोमाग उडी मारून आत. माणसं दोर घेऊन येईस्तोवर ती पायरीच्या दगडाला धरून पाण्यात उभी होती, नाकापर्यंत बुडालेली, आणि कॉस्मास तिच्या खांद्यावर. खाली ती, वर तो. तेव्हापासून कॉस्मासनं विहिरीची धास्ती घेतली ती कायमची. त्याच्या लग्नात, रिवाजाप्रमाणे, नवरदेवाला न्हाऊ घालायचं उंबराचं पाणी आणायला अख्खी वरात वाजतगाजत विहिरीवर गेली, आणि नवरदेव वीस पावलं लांब, चिंचेखाली. लोक अजून हसतात.

अशा बहिणीला त्यानं एकदा एक पत्र लिहिलं होतं, आणि सगळं दुखणं त्या पत्राचं आहे.

१९९१ च्या जूनमध्ये आई वारली. शेवटचे चार दिवस तिच्या तोंडी लुसीशिवाय दुसरं नाव नव्हतं. लुसीच्या घरी तार केली, फोन लावला. लुसी आली नाही, काही कळवलंही नाही. कॉस्मासचा राग नाकाच्या शेंड्यावर. आईच्या दफनाला आठवडा झाला नाही तोच त्यानं कागद ओढला आणि लिहिलं: आय तुझी वाट बघत गेली. आता येऊ नकोस. इथं तुला जागा नाही. खाली सही केली, पत्र पेटीत टाकलं, आणि वर चार लोकांना सांगितलंसुद्धा.

दफनाच्या नवव्या दिवशी लुसीचं पत्र आलं. आईची बातमी कळायच्या आधी लिहिलेलं. पाय घसरून मांडीचं हाड मोडलं, आपल्याच हॉस्पिटलात सहाव्या खाटेवर पडले आहे, आयला सांगू नकोस, ती घाबरेल.

कॉस्मास त्या दिवशी जेवला नाही. पण गेलेलं पत्र काही परत बोलावता येत नाही. माफीचं पत्र लिहायला तो कितीदा बसला, ते त्याचं त्यालाच माहीत. कोरियांच्या घरात मोडतात पण वाकत नाहीत. दोन महिने मार्लकोमहून काहीच आलं नाही. मग पुन्हा निळं पत्र आलं, नदीला पूर आल्याचं आणि टॅपरच्या नातवानं पाव वरच्या मजल्यावरून दोरीनं विकल्याचं. 'तुला जागा नाही' या वाक्याबद्दल एक अक्षर नाही. कॉस्मासनंही मग पावसाचं आणि भाताचं लिहिलं. अशी तीस वर्षं गेली. लुसी त्यानंतर बाळकुमला आली नाही. लोक म्हणत, वय झालं, प्रवास झेपत नसेल.

शब्दानं जमलं नाही ते त्यानं त्याच्या पद्धतीनं केलं. गावच्या चर्चची दफनभूमी लहान, माणसं फार. तिथं कबर कुणाच्याच मालकीची नसते. तीन वर्षं झाली की ती उघडतात. घरची माणसं हाडं उचलतात, धुतात, पांढऱ्या कापडात बांधतात आणि भिंतीतल्या घरच्या कोनाड्यात ठेवतात. त्या कोनाड्याला सगळे निश म्हणतात. ज्यांना निश नाही त्यांची हाडं कोपऱ्यातल्या खोल, बांधीव खड्ड्यात जातात. त्या खड्ड्याला गावात विहीर असंच नाव आहे. कोरियांच्या निशवर संगमरवराची पाटी होती आणि चर्चच्या नियमानं तिच्यावर चारच नावांना जागा. बाप, आई, मग कॉस्मासची बायको मॅगी. चौथी ओळ कोरी. सगळ्यांना वाटायचं ती कॉस्मासची.

ती लुसीची होती.

२०२१ च्या जानेवारीत लुसी गेली, एक्याऐंशी वर्षांची होऊन. साथीचे दिवस, विमानं बंद, माणूस ठाण्याहून मुलुंडला जाईना. तिकडच्या चर्चमधून एका बाईंचा फोन आला. कॉस्मासची मुलगी आयव्ही कोपरीच्या शाळेत इंग्रजी शिकवते, आणि तोपर्यंत नवरा गेल्यावर माहेरी राहायला आली होती. तिनं बोलणं केलं. बाईंनी विचारलं, लुसीला घरी न्यायचंय का?

"सांग, आता नको," कॉस्मास म्हणाला. "आता तिथंच ठेवा. आम्ही मागनं नेऊ."

आयव्हीनं तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, बरं. त्यांना वाटलं असेल, दुःखातला माणूस काहीतरी बोलतो. इथं बापलेकीनं मात्र मनात कॅलेंडर लावलं. तीन वर्षं. म्हणजे चोवीसचा जानेवारी. आयव्ही इंग्रजी शिकवत होती खरी, पण इंग्रजी येतं म्हणून इंग्लंडच्या कबरी माहीत असतात असं थोडंच आहे? तिनंही जन्मात हेच पाहिलं होतं.

तेवीसच्या दिवाळीच्या सुट्टीत आयव्हीला ते पान सापडलं. मार्लकोमच्या काही हौशी म्हाताऱ्यांनी गावाचा इतिहास जमवायला घेतला होता, आणि इंटरनेटवर एक पान उघडून ठेवलं होतं: मार्लकोमच्या आठवणी. कुणीही लिहा. जुने फोटो होते, शाळेच्या सहली होत्या, कोण कुठं राहायचं यावर भांडणं होती. एका बाईनं विचारलं होतं, आपलं घड्याळ मागं का, कुणाला माहीत आहे का?

"पप्पा," आयव्ही ओरडली, "तुझं घड्याळ!"

"लिही," कॉस्मास म्हणाला. पंखा बंद केला, खुर्ची ओढली, आणि टॅपरची गोष्ट सांगायला लागला. आयव्ही इंग्रजी करत गेली. खाली एक रकाना होता, तुमचं गावाशी नातं, आणि त्यात निवडायला तीनच गोष्टी. इथे राहतो. पूर्वी राहत होतो. पाहुणा म्हणून आलो होतो.

"काय टाकू?"

"मी तं गेलोच नाय कवा."

"काहीतरी टाकावंच लागतं, त्याशिवाय पुढं जात नाही."

"मग पाहुणा टाक," कॉस्मास नाराजीनं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा उत्तरं आली होती. टॅपरची पणती कॅनडात होती, ती रडली म्हणे. त्या पानाचं काम बघणाऱ्या बेरिल हॉब्स नावाच्या बाईंनी लिहिलं, मिस्टर कोरिया, तुम्ही सिस्टर लुसीचे भाऊ का? मी तिच्या हाताखाली नर्स होते. अजून सांगा ना. मग काय, कॉस्मासला सूर सापडला. रोज संध्याकाळी आयव्ही शाळेतून आली की चहा, आणि चहानंतर मार्लकोम. गावातला पंप कुठं होता यावर तिकडं दोन म्हातारे चाळीस वर्षं बोलत नव्हते, त्यांचा निकाल बाळकुमहून लागला. पोस्टमनच्या सायकलची गोष्ट वाचून पोस्टमनच्या मुलानं सायकलचा फोटो टाकला. हॉस्पिटलचे आता फ्लॅट झाले आहेत, असं बेरिलबाईंनी कळवलं, तेव्हा कॉस्मास मांडीवर हात मारून म्हणाला, "घ्या! तिथं पण बिल्डर पोचले!"

लोक लुसीविषयी लिहू लागले. तिनं कुणाचं बाळ उलटं असताना हातानं फिरवलं होतं. कुणाच्या मरणाऱ्या बापापाशी ती अख्खी रात्र एक परकं गाणं गुणगुणत बसली होती. कॉस्मासनं ते गाणं ओळखलं. आई भात लावताना म्हणायची ते. त्या संध्याकाळी त्यानं चहा घेतला नाही.

आणि जानेवारी आला. कॉस्मासनं ठाण्याच्या बाजारातून पांढरं मांजरपाट आणलं, धुतलं, वाळवून घडी केली. दफनभूमीच्या पाट्या कोरणाऱ्या शिवरामला जाऊन सांगितलं, छिन्नी तयार ठेव.

"आणि तुझं नाव कुठं लिहायचं, पप्पा?" आयव्हीनं विचारलंच. "चारच ओळी आहेत."

"मना टाका विहिरीत."

"काहीतरी बोलू नकोस. विहिरीला भितोस तू."

"तेव्हा मी जिता थोडाच असणार? मेल्यावर कशाला भ्या?" तो म्हणाला. मग मांजरपाटाची घडी नीट करत म्हणाला, "आयच्या बाजूला लुसीबायला ठेवायची. मी तिला जागा नाय म्हणून लिवलेलं. लिवलेलं तसंच रायलंय. तू इचार त्या बाईला, कबर कवा उघडणार."

आयव्हीनं विचारलं. बेरिलबाईंना तिनं नीट, सविस्तर लिहिलं: आत्याला तीन वर्षं पूर्ण होत आहेत, तुमच्याकडे कबर कोणत्या महिन्यात उघडतात, हाडं विमानानं पाठवायला कोणते कागद लागतात. आम्ही कापड तयार ठेवलं आहे.

त्या बाईंचं उत्तर यायला एरवी एक दिवस लागायचा. या वेळी सहा लागले. रविवारी मिसाहून आल्यावर आयव्हीनं पाहिलं, आणि तिनं आधी सगळं मनात वाचून काढलं. कॉस्मास तिच्या तोंडाकडं बघत होता.

"मोठ्यानं वाच," तो म्हणाला.

तिनं वाचलं. प्रिय मिस्टर कोरिया, हे कसं सांगावं मला कळत नाही. आमच्याकडे कबरी उघडत नाहीत. ज्याला जिथं ठेवलं तो तिथंच राहतो. काढायचं झालं तर सरकारची आणि चर्चची परवानगी लागते, आणि लुसीनं स्वतः ही जागा निवडून, लिहून ठेवली असल्यामुळे ती मिळणार नाही, असं इथले पाद्री, व्हिकरसाहेब, म्हणतात. सोबत फोटो पाठवते.

फोटोत हिरवंगार गवत होतं, मागं टेकडी होती. करड्या दगडावर वरच्या अर्ध्या भागात लुसीचं नाव, सालं. खालचा अर्धा भाग कोरा.

"अर्धवट ठेवलंय काम," कॉस्मास म्हणाला.

"अर्धवट नाही," आयव्ही म्हणाली. "पुढं लिहिलंय."

पुढं बेरिलबाईंनी लिहिलं होतं: तुम्ही विचाराल, खाली मोकळं का? १९९१ च्या शरदात, लुसी काठी घेऊन पुन्हा चालू लागली तेव्हा, मी तिच्याबरोबर गेले होते. तिनं दोघांची कबर घेतली. इथं तसं करतात, एक पेटी खोल आणि दुसरी तिच्यावर. मी विचारलं, दुसरं कोण? ती म्हणाली, माझा भाऊ. तो माझ्यावर रागावलाय. तिकडं मला जागा नाही म्हणतो, म्हणून मी इकडं त्याला जागा करून ठेवते. मी खाली राहीन आणि त्याला वर ठेवा, तो विहिरीला भितो. मला वाटलं ती थट्टा करते आहे. पण दगडवाल्यालाही तिनं तेच सांगितलं. नंतर दर ख्रिसमसला मी विचारायचे, भाऊ येतोय का? ती म्हणायची, राग शांत झाला की येईल. मिस्टर कोरिया, ती जागा अजून तुमची आहे.

कॉस्मासनं आयव्हीला पुन्हा वाचायला लावलं. फक्त तेवढाच भाग. मग तिसऱ्यांदा. आणि मग अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस, आई गेली तेव्हा न रडलेला, मॅगी गेली तेव्हा लोकांना चहा देत फिरलेला, टेबलावर डोकं ठेवून हंबरडा फोडून रडला. शेजारच्या टॉवरच्या बाल्कनीतली माणसं बाहेर येऊन बघू लागली. आयव्हीनं खिडकी लावून घेतली.

"तीस वरसं," तो म्हणत होता. "तीस वरसं गं. एक ओळ लिवली असती तं आली असती ती."

आयव्हीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. खरंच होतं ते.

संध्याकाळी तो स्वतःच म्हणाला, लिही. चहा झाला नव्हता. आयव्हीनं मार्लकोमच्या आठवणींचं पान उघडलं. त्यानं सांगितलं ते एवढंच होतं: जून १९९१ मध्ये मी माझ्या बहिणीला लिहिलं की इथं तुला जागा नाही. ते खोटं होतं. जागा होती. मी ती कुणाला दिली नाही, पण तिला सांगितलंही नाही. तुमच्या गावात तिच्या ओळखीचं जे कुणी असेल त्यानं हे तिच्या कबरीपाशी जाऊन मोठ्यानं वाचावं, मराठीत जमणार नाही, तुमच्या भाषेत वाचावं, तिला कळेल.

खाली तो रकाना आला. आयव्हीनं विचारलं नाही, पाहुणा निवडायला बोट नेलं.

"थांब," कॉस्मास म्हणाला. "पयलं काय हाय त्यात?"

"इथे राहतो."

त्यानं त्या अक्षरांवर बोट ठेवलं. ना पासपोर्ट, ना गुडघे, ना तेवढं आयुष्य. डॉक्टर त्याला कल्याणला लग्नालासुद्धा जाऊ देत नव्हते.

"नको," तो म्हणाला. "खोटं एकदा लिवलं तेवढं बस झालं. पाहुणाच ऱ्हाऊ दे."

त्या आठवड्यात शिवरामनं चौथी ओळ कोरली. आयव्हीनं सांगून पाहिलं, पप्पा, आत्या येणार नाही, मग ती ओळ तू घे, तुझी हाडं तरी माझ्या आईजवळ राहतील. कॉस्मासनं ऐकलं नाही. चर्चचे फादर तरुण होते, त्यांनी हाडांवाचून नाव लिहायला हरकत घेतली नाही. शिवरामनं फुंकर मारून दगडाचा भुगा उडवला. लुसी कोरिया, १९३९ ते २०२१. कॉस्मासनं निशचं झाकण काढायला लावलं आणि धुतलेलं मांजरपाट घडी करून आईच्या गाठोड्याशेजारी ठेवलं.

"बाबा, यात काय बांधायचंय?" शिवरामनं विचारलं.

"काय नाय. ऱ्हाऊ दे तसंच."

शिवरामनं झाकण बसवलं. आयव्ही फाटकाकडं निघाली. कॉस्मास तिच्या मागून निघाला, पण कोपऱ्याशी आल्यावर नेहमीसारखा लांबून वळसा घालून गेला नाही. काठी टेकत टेकत तो सरळ हाडांच्या त्या विहिरीपाशी गेला. कठड्यावर हात ठेवला. सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्यानं असं वाकून खाली पाहिलं.

या वेळी खांद्यावर घ्यायला खाली लुसीबाय नव्हती.